गाडीचे पार्ट नाशकात घ्यायचे की बाहेरून मागवायचे? या चुका टाळा

गाडी गॅरेजला लागली की मेस्त्री सांगतो हा पार्ट गेलाय, शोरूमवाले म्हणतात ऑर्डर टाकावी लागेल, महिना-दीड महिना धरा, आणि वर जी किंमत सांगतात ती ऐकून घाम फुटतो. मग रात्री मोबाईलवर तोच पार्ट दुबईत नाहीतर जर्मनीत निम्म्या भावात दिसतो आणि माणूस पैसे भरून मोकळा होतो. इथपर्यंत सगळ्यांचं सारखंच होतं. पुढचा मनस्ताप मात्र टाळता येतो, आणि माझं मत विचाराल तर पार्ट नंबर हातात नसताना पैसे दिले की माणूस इथेही फसतो आणि बाहेरही.

गाडीच्या नावावर पार्ट मागू नका

"दादा, पोलोचा शॉकअप द्या" असं काउंटरवर म्हटलं तर निदान समोरचा माणूस विचारतो तरी, कुठलं साल, पेट्रोल का डिझेल, पुढचा का मागचा. बाहेरच्या वेबसाईटवर असं कोणी विचारत नाही, तिथे नाव टाकलं की पार्ट समोर येतो आणि फोटो पण सेम दिसतो. आता पोलोचं १.५ टीडीआय डिझेल इंजिन घ्या, ते २०१४ ला खास इंडियासाठी आणलेलं, बाहेरच्या कॅटलॉगमध्ये १.४ आणि १.६ दिसतं, मग लोक "जवळपास तेच असेल" म्हणून १.६ चा पार्ट मागवतात. शेवरोलेचं तर अजून अवघड आहे. आपल्याकडे जी बीट होती ती बाहेर बऱ्याच देशांत स्पार्क नावाने विकली गेली, आणि आपली स्पार्क म्हणजे त्याच्या आधीची मटीझवाली गाडी. बीटवाल्याने बीट शोधली तर काही सापडत नाही, आणि स्पार्कवाल्याने स्पार्क शोधली तर भलत्याच गाडीचा माल घरी येतो! जनरल मोटर्सने २०१७ च्या शेवटी इथली विक्री बंद केली, फोर्डने २०२१ मध्ये इथलं प्रॉडक्शन बंद करत असल्याचं सांगितलं, त्यामुळे या गाड्यावाल्यांवर बाहेर शोधायची वेळ जास्त येते आणि घोळ पण त्यांचाच जास्त होतो.

म्हणून आरसी काढा, १७ आकडी चेसिस नंबर घ्या आणि त्यावरून पार्ट नंबर काढून घ्या. शोरूमच्या पार्ट काउंटरवर नीट विचारलं तर बरेच जण सांगतात, नाहीतर जुन्या पार्टवरच कोरलेला किंवा छापलेला असतो, डिझेल किंवा पेट्रोलच्या बोळ्याने पुसा आणि फोटो काढा. चेसिस नंबरात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतातच, त्यामुळे तसं काही वाटलं तर तो एक किंवा शून्य समजा. आणि फोक्सवॅगन, स्कोडा, ऑडीवाल्यांनी नंबरच्या शेवटची अक्षरं सोडून देऊ नका, तिथे एक अक्षर बदललं की कधी नुसता सुधारलेला पार्ट असतो आणि कधी तो तुमच्या गाडीत चालतच नाही. ब्रेक घेताना तर डिकीतल्या किंवा सर्व्हिस बुकातल्या स्टिकरवरचा पीआर कोड (गाडीत कारखान्यातून काय-काय बसवलंय ते सांगणारा) पण बघा, एकाच मॉडेलला दोन-दोन साईजच्या डिस्क असतात.

जुना पार्ट सोबत न्या

ही सवय ज्याला आहे त्याचे निम्मे प्रॉब्लेम कमी होतात. व्हील बेअरिंगचं बघा. एबीएसवाल्या (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) बऱ्याच गाड्यांच्या बेअरिंगला एका साईडला सीलसारखी दिसणारी काळपट किंवा चॉकलेटी रिंग असते, त्या रिंगमध्ये मॅग्नेट असतात आणि चाकाचा स्पीड सेन्सर तीच वाचतो. साध्या बेअरिंगला ही रिंग नसते, बाकी आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी सगळं सेम, व्हर्नियर लावून मोजलं तरी फरक कळत नाही. ते बसवलं की गाडी छान चालते, आवाज पण गेलेला असतो, आणि दोन किलोमीटरवर एबीएसचा दिवा पेटतो. मग सेन्सर बदलतात, वायरिंग तपासतात, पैसे जात राहतात. असं झालं तर सगळ्यात आधी विचारा की बेअरिंग एबीएसचंच आहे का आणि रिंगवाली बाजू सेन्सरकडे आहे ना, कारण योग्य बेअरिंग उलटं ठोकलं तरी हाच दिवा लागतो आणि प्रेसवर घाईत असं सहज होतं.

लेफ्ट हँडचा माल

अमेरिका, जर्मनी, दुबई, सगळीकडे स्टेअरिंग डावीकडे. फिल्टर, प्लग, सेन्सर, इंजिनची गॅस्केट याला सहसा काही फरक पडत नाही. स्टेअरिंग रॅक, वायपरची लिंकेज, डॅशबोर्डचे पार्ट याला पडतो. हेडलाईट मात्र लोकांच्या लक्षात येत नाही कारण ती बसते बरोबर. आपल्या गाडीचा लो बीम डाव्या कडेला थोडा वर उचललेला असतो, लेफ्ट हँड गाडीचा उजवीकडे, म्हणजे तो थेट समोरून येणाऱ्याच्या डोळ्यात जातो. रात्री कसारा घाटात असा लाईट समोर आला की काय होतं ते ज्याने गाडी चालवलीय त्याला सांगायला नको. हेडलाईट बाहेरून घ्यायचीच असेल तर इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, थायलंड, जपान अशा राईट हँड देशातलीच घ्या. शॉकअप आणि स्प्रिंगमध्ये पण बघा, बऱ्याच युरोपियन गाड्या आपल्या रस्त्यांसाठी इथे उंच करून विकल्यात, तिकडची स्प्रिंग टाकली की गाडी खाली बसते.

स्क्रीनवरची किंमत म्हणजे किंमत नाही

पार्ट ६ हजारांचा, शिपिंग अडीच हजार, तर कस्टम ड्युटी नुसत्या ६ हजारांवर लागत नाही, त्यात शिपिंग (विमानाने आलं तर पार्टच्या किमतीच्या २० टक्क्यांपर्यंतच) आणि इन्शुरन्स मिळवून लागते, त्या ड्युटीवर सरचार्ज, आणि या सगळ्याच्या बेरजेवर परत आयजीएसटी, म्हणजे आयात मालावरचा जीएसटी. वर कुरिअरवाल्याचा क्लिअरन्सचा चार्ज आणि कार्डावरचा फॉरेन करन्सीचा मार्कअप. दर बदलत असतात म्हणून मागवायच्या दिवशीचाच दर धरा, कोणाचा तरी जुना हिशोब नको. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या पार्टवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, म्हणजे त्याआधीची इथली आणि बाहेरची तुलना दोन्ही बाजूंनी शिळी झालीय.

विकणारा म्हणाला की "गिफ्ट लिहितो" तर ठाम नाही म्हणा. पाच हजारांपर्यंतच्या गिफ्टची सूट डिसेंबर २०१९ लाच गेली. कमी किंमत लिहून पाठवलं तर कस्टमवाले किंमत स्वतः ठरवतात, दंड लागू शकतो, आणि पार्सल हरवलं तर भरपाई लिहिलेल्या किमतीचीच. वापरलेले जुने पार्ट बाहेरून मागवूच नका, सेकंड हँड मालाच्या आयातीला परवानगी लागते, पार्सल अडकून बसतं. एअरबॅगमध्ये स्फोटक असतं म्हणून साधा कुरिअर ती घेत नाही. टायर तर २०२० पासून रिस्ट्रिक्टेड आहेत, म्हणजे त्यांनाही परवानगी लागते.

आणि परत पाठवायचं म्हटलं तर? शिपिंग तुमच्या खिशातून आणि भरलेली ड्युटी परत मिळवणं सामान्य माणसाच्या आवाक्यातलं काम नाही. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा एवढं तरी कराच.

नाशकातल्या खरेदीत पण खड्डे आहेत

इथे सगळ्यात मोठी चूक म्हणजे दोन दुकानं फिरून "मिळत नाही" असं ठरवणं. इथल्या दुकानात नसलेला माल मुंबईत ऑपेरा हाऊसला नाहीतर पुण्यात नाना पेठेत असतो, आणि आपला दुकानदार फोन करून ट्रॅव्हल्सने किंवा ट्रान्सपोर्टने मागवून देतो, फक्त त्याला पार्ट नंबर द्या आणि थोडा ॲडव्हान्स द्या. डिझेल इंजेक्टर, नोझल यासाठी तर लोक बाहेर शोधतात याचं मला खरंच वाईट वाटतं, बॉशचा नोझल आणि इंजेक्टर बनवणारा कारखाना आपल्या सातपूरला आहे. कारखान्याच्या गेटवर माल मिळत नाही हे मान्य, पण त्यामुळे पंप-नोझलचं काम कळणारी माणसं या शहरात आहेत, आधी त्यांना टेस्ट करायला द्या. कॉमन रेलचा इंजेक्टर बदलला तर त्याच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत (इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये) टाकावा लागतो, तो न टाकल्यामुळे गाडी धूर मारते, गदगद हलते आणि चांगल्या पार्टला ड्युप्लिकेट ठरवलं जातं.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांमुळे अजून एक प्रकार कानावर येतो, "कंपनीत जातो तोच माल आहे, फक्त बिल नाही". तो रिजेक्ट झालेला लॉट नाही हे तुम्हाला कोण सांगणार? ब्रेक, स्टेअरिंग, लोअर आर्म यात असला माल अजिबात नको, घरातली माणसं बसतात त्या गाडीत. बॉक्सवर एमआरपी, महिना-साल, बनवणाऱ्याचं नाव, आणि इम्पोर्टेड असेल तर आयात करणाऱ्याचा पत्ता बघा आणि जीएसटीचं पक्कं बिल घ्या. इलेक्ट्रिकचा माल बसवल्यावर परत घेत नाहीत ही पाटी बहुतेक दुकानात असते, म्हणून सेन्सर घ्यायच्या आधी कपलरच्या पिना मोजा.

मी स्वतः ब्रेक, क्लच, सस्पेन्शन, फिल्टर, बेअरिंग कायम इथेच घेतो, कारण चुकलं तर संध्याकाळी बदलून मिळतं. बंद झालेल्या कंपनीचे मॉड्यूल, एखादा सेन्सर, ट्रिमचे तुकडे जे इथे खरंच मिळत नाहीत, तेवढंच बाहेरून.

आणि बाहेरून मागवलंच असेल तर पार्ट हातात येईपर्यंत गाडी खोलू देऊ नका. मेस्त्री म्हणतो "साहेब, खोलून ठेवतो, पार्ट आला की लगेच बसवू", पण कस्टममध्ये पार्सल अडकलं की खोललेली गाडी गॅरेजबाहेर पावसात उभी राहते, बॅटरी उतरते, डिस्कला गंज धरतो आणि काढलेले नट-बोल्ट, क्लिपा कोणत्या डब्यात ठेवल्या ते त्यालाच आठवत नाही. गाडी सुरक्षित चालत असेल तर चालवा, नसेल तर न खोलता झाकून घरी उभी करा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.