कोनफळ लावताय? आधी जमीन बघून घ्या

आमच्या कोकणात मे महिन्यात कोनफळ (कुणी घोरकंद म्हणतात) लावायची गडबड सुरू होते, म्हणून आत्ताच लिहितोय. मागच्या खेपेला मी वरकस (उताराच्या, हलक्या जमिनीच्या) तुकड्यात फूटभर खोल खड्डे घेतले, माती मऊ लागली, शेणखत भरलं नि बेणं लावून मोकळा झालो. खाली काय आहे ते बघितलंच नाही. डिसेंबरात खणलं तर कंद पंजासारखे चपटे, बोटं फुटलेले आणि खालची बाजू काळी पडून कुजलेली, कारण सव्वा फुटावर कातळ होता.

तर पहिलं काम, पहार घ्या. एका जागी नाही, तुकडाभर आठ-दहा ठिकाणी मारा, बांधाजवळ मारून खूश होऊ नका, तिथे माती साठलेली असते. दोन फूट तरी आत गेली पाहिजे. कातळाला लागली की ठण्ण आवाज येतो आणि हाताला झिणझिण्या येतात, मुरमात खरखरते. मार्चात वरची माती वाळून घट्ट झालेली असते, त्यावरून ठरवू नका, जागा आदल्या रात्री भिजवून मग मारा. पण मारा!

ऊन, कुंपण वगैरे तुम्हाला माहीतच आहे.

निचरा बघायला दीड फूट खड्डा पाण्याने भरा, जिरलं की परत भरा आणि दुसऱ्या वेळचं बघा. सकाळी भरलेलं संध्याकाळीही तसंच असेल तर तिथे लावू नका, आपल्याकडच्या पावसात कंद कुजणारच. आणि कातळ वर असला की पाणी त्याच्यावरच थांबतं, म्हणजे परत पहारच. घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा जुलैत पाणी कुठं साचतं, त्यांना बरोब्बर माहीत असतं.

ओली माती मुठीत दाबा, चिकट गोळा होऊन लांब पट्टी निघाली तर चिकण जास्त, कंद वाकडे होतात आणि काढताना मोडतात.

माती परीक्षण खत घालायच्या आधी, पाच-सहा जागची माती मिसळून अर्धा किलो, उकिरड्याजवळची नको. सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा आला तर छान.

खोली कमीच निघाली तर दीड फूट उंच भर घाला, नाहीतर सरळ कणगर (कोनफळाच्याच कुळातली वेल) लावा, तिचे कंद लहान आणि वरच लागतात. बाकी आधाराच्या काठ्या, आच्छादन नंतर बघू, पहार मात्र याच आठवड्यात मारा.