मोठ्या संख्येचे गुणधर्म हाताने कसे शोधावेत : ३,३५,५०,३३६ चे उदाहरण

मोठी संख्या समोर आली की आपण चटकन कॅल्क्युलेटर काढतो. पण तिचे गुणधर्म मनापासून समजून घ्यायचे असतील, तर कागद-पेन्सिल घेऊन बसावे. उदाहरणासाठी ३,३५,५०,३३६ ही संख्या घेऊ.

प्रथम विभाज्यतेच्या कसोट्या लावाव्यात. अंकांची बेरीज २८ येते, म्हणून ३ ने भाग जात नाही. एककस्थानी ६ आहे, म्हणून ५ ही बाद. शेवटच्या चार अंकांतून मिळणाऱ्या ३३६ ला १६ ने भाग जातो, त्यामुळे संपूर्ण संख्येलाही जातो. तेव्हा विषम संख्या हाती येईपर्यंत २ ने भागत राहावे : १,६७,७५,१६८, मग ८३,८७,५८४, मग ४१,९३,७९२, असे करत बाराव्या भागाकाराला ८,१९१ मिळतात. प्रत्येक भागाकारानंतर समासात एक रेघ ओढावी, कारण घात मोजताना एकाची जरी चूक झाली तरी पुढचे सगळे गणित बिघडते.

आता ८,१९१ ही मूळ संख्या आहे का, हे तपासावे. तिचे वर्गमूळ ९० हून किंचित जास्त आहे, म्हणजे सरळ मार्गाने ३ पासून ८९ पर्यंतच्या तेवीस मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल. परंतु ८,१९१ म्हणजे २ च्या तेराव्या घातातून १ वजा केलेली संख्या, आणि १३ मूळ असल्याने फर्माच्या प्रमेयावरून असे निघते की, तिच्या कोणत्याही मूळ अवयवाला २६ ने भागल्यास बाकी १ च उरली पाहिजे. ९० च्या आत अशा संख्या तीनच : २७, ५३ आणि ७९. त्यांतील २७ मूळ नाही. ५३ गुणिले १५४ म्हणजे ८,१६२, बाकी २९. ७९ गुणिले १०३ म्हणजे ८,१३७, बाकी ५४. म्हणून ८,१९१ मूळ आहे. तेवीस भागाकारांचे काम दोनांत उरकते, आणि या साऱ्या रीतीत मला सर्वांत सुंदर वाटणारी पायरी हीच.

विभाजकांची संख्या काढण्यासाठी प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार करावा : १३ गुणिले २, म्हणजे २६ विभाजक. त्यांपैकी १ पासून ४,०९६ पर्यंतच्या २ च्या तेरा घातांची बेरीज ८,१९१ होते. उरलेले तेरा विभाजक त्यांच्याच ८,१९१ पट आहेत. म्हणून एकूण बेरीज ८,१९१ गुणिले ८,१९२, म्हणजे ६,७१,००,६७२. त्यातून मूळची संख्या वजा केली की पुन्हा ३,३५,५०,३३६ च उरते. अशा संख्येला परिपूर्ण संख्या म्हणतात. ६, २८, ४९६ आणि ८,१२८ नंतरची ही पाचवी. सुरुवातीला अंकांच्या बेरजेत आलेले २८ ही त्याच कुळातले.

२ चा घात आणि त्याच्या दुपटीहून १ ने कमी असलेली मूळ संख्या यांचा गुणाकार परिपूर्ण असतो, हे युक्लिडने सिद्ध केले. प्रत्येक सम परिपूर्ण संख्या याच साच्याची असते, हे ऑयलरने दाखवले. विषम परिपूर्ण संख्या मात्र आजवर एकही सापडलेली नाही.

उत्तर पडताळायचे असल्यास १ ते ८,१९१ या सर्व संख्यांची बेरीज सूत्राने करून पाहावी, किंवा वेळ असेल तर १ पासून १२७ पर्यंतच्या चौसष्ट विषम संख्यांचे घन मिळवावेत. दोन्ही वाटांनी हीच संख्या येते.