कोंबुचात आंब्याचा रस घातला की फेस उतू जातो? हे करून पाहा

वाशीच्या बाजारातला हापूस, घरचा कोंबुचा (चहा आंबवून केलेलं फसफसतं पेय). पण दोन्ही एकत्र आले की फेस ग्लासाबाहेर आणि उरलेलं पेय सपक. वरून सोडा ओतला, तर चवच पातळ झाली. वैताग नुसता!

खरं कारण गर. त्याच्या कणांवर वायूचे बुडबुडे झटकन तयार होतात, आणि पेय कोमट असेल तर वायू टिकतच नाही.

जमलं ते असं: रस बारीक गाळणीतून गाळा. ६० मिली रसात लिंबू पिळून चिमूटभर मीठ पूर्ण विरघळवा (मीठ वरून भुरभुरलंत की पुन्हा फेस). रस आणि कोंबुचाची बाटली रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. ग्लासात आधी रस, मग बर्फ, शेवटी ग्लास तिरका धरून १५० मिली कोंबुचा हळूहळू. चमचा तळापासून एकदाच वर आणा. फळ बाटलीत घालून आंबवू नका, अल्कोहोल वाढतं. अंशमात्र तर कोंबुचात असतंच.