कट्टा म्हणजे काय गं? : लहान मुलांशी बंदूक आणि हिंसेबद्दल कसं बोलावं

खानदेशात ‘कट्टा’ या शब्दाचे तीन अर्थ आहेत. गव्हाचा किंवा खताचा कट्टा, संध्याकाळी बसायचा कट्टा आणि पोलिसांनी पकडलेला गावठी कट्टा. चोपडा, शिरपूरसारख्या सातपुड्याच्या पायथ्याच्या तालुक्यांतून गावठी पिस्तुलं पकडल्याच्या बातम्या येत असतात. ओट्यावर त्यांची चर्चा रंगते आणि शेजारी मातीत खेळणारं पाच वर्षांचं लेकरू ती ऐकत असतं. त्याच्या डोळ्यांसमोर यातला कोणता कट्टा आला, हे आपल्याला ठाऊक नसतं. म्हणून आधी विचारा, मग सांगा.

आधी विचारा

घरात अहिराणी बोलत असाल तर अहिराणीतच विचारा. ‘तुले काय काय माहीत शे, सांग बरं.’ पुस्तकी मराठीत विचारलं की मूल शाळेतल्यासारखं बरोबर उत्तर शोधायला लागतं आणि भीती आतच राहते. विचारल्यावर मनात दहापर्यंत आकडे मोजा, मध्ये बोलू नका. चुकीचं सांगत असलं तरी पूर्ण ऐका.

वेळ झोपायच्या आधीची नको, कारण तो विषय अंथरुणात सोबत येतो. भुईमुगाच्या शेंगा सोलताना, भाजी निवडताना, शेतात चालत जाताना बोला. हात कामात असले आणि समोरासमोर टक लावून बसायचं नसलं की मुलं मोकळी होतात. पाच-सात मिनिटं पुरे. मूल उठून खेळायला गेलं तर जाऊ द्या, विषय उद्या पुन्हा निघेल.

वयाप्रमाणे सांगा

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला तीन वाक्यं पुरतात. ‘बंदुकीने माणसाला फार लागतं. लागलं की माणूस मरूही शकतो. आम्ही मोठे तुझी काळजी घेतो.’ कोणी मेलं असेल तर ‘झोपला’ म्हणू नका. काही मुलं त्यानंतर झोपायलाच घाबरतात. ‘मेला म्हणजे त्याचं शरीर बंद पडलं. आता तो उठणार नाही, त्याला दुखतही नाही,’ असं सरळ सांगा. कार्टूनमधला पडलेला माणूस पुढच्या क्षणी उठतो, म्हणून हा फरक या वयात बोलून दाखवावा लागतो.

सहा ते आठ वर्षांचं मूल विचारतं, ‘ते आपल्या घरी येतील का?’ ‘कधीच नाही’ असं वचन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. जे खरं आहे ते सांगा: रात्री कडी कोण लावतं, घरात कोण कोण असतं, पोलीस काय करतात, गरज पडली तर 112 वर फोन करता येतो.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांनी मोबाइलवर पिस्तूल हातात घेतलेले रील बरेचदा पाहिलेले असतात आणि त्यांना त्यात रुबाब दिसतो. त्यांच्याशी कायद्याचं बोला, त्यांना ते आवडतं. 1959 च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगणं गुन्हा आहे. लग्नात, वरातीत आनंदाने गोळी झाडून कुणाचा जीव धोक्यात घातला, तर 2019 च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. हवेत सोडलेली गोळी खाली येते आणि कुणालाही लागू शकते, हे चेंडू वर फेकून दाखवा.

नुसतं सांगून भागत नाही, सराव करून घ्या

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. अमेरिकेत याचे प्रयोग झाले आहेत. ‘बंदुकीला हात लावायचा नाही’ हे ज्यांना पाठ होतं, त्यातल्या कित्येक मुलांनीही समोर बंदूक दिसताच ती उचलली. ज्यांच्याकडून प्रत्यक्ष करून घेतलं, त्यांच्यात फरक पडला. याचं कारण साधं आहे. नियम तोंडात असतो, पण वस्तू दिसली की आधी हात पुढे जातो.

नियम चारच पायऱ्यांचा ठेवा: थांब, शिवू नको, पळ, सांग. मग खेळण्यातली काळी पिस्तूल घ्या. खरं हत्यार सरावासाठी कधीही काढू नका. मूल बघत नसताना ती विहिरीजवळच्या मोटारीच्या खोलीत गोणपाटाखाली अर्धवट दिसेल अशी ठेवा. आधी तुम्ही करून दाखवा: पाय थांबवा, दोन्ही हात मागे घ्या, वळून दहा पावलं लांब जा आणि जवळच्या मोठ्या माणसाला मोठ्याने सांगा, ‘तिथे बंदूक पडली आहे.’ मग मुलाकडून करून घ्या. हात मागे घेणं गाळू नका, हात बांधलेले असले की शिवायची ओढ मोडते.

पहिल्या दिवशी तीनदा, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या जागी, म्हणजे ओसरीत किंवा गोठ्यात. आठवड्याने न सांगता ठेवा आणि लांबून पाहा. मुलाने उचललीच तर ओरडू नका. तिथेच जाऊन पुन्हा तीन वेळा करून घ्या. बरोबर केलं की लगेच शाबासकी द्या.

‘खरी होती का खोटी?’ असा प्रश्न मूल विचारेल. ते ठरवायचं काम त्याचं नाही. स्वतःच्या डब्यातून काढलेली टिकल्यांची पिस्तूल खेळणं आहे, बाहेर पडलेली दिसली ती खरीच समजायची. रानडुकरांसाठी कुणी पेरलेला बारूदगोळा, न फुटलेला सुतळी बॉम्ब यांनाही हाच नियम.

आपल्याकडची एक सवय या सरावावर पाणी फिरवते. ‘गप बस, नाहीतर पोलीस धरून नेईल,’ ही धमकी आजच बंद करा. पोलिसाला घाबरणारं मूल बंदूक सापडल्यावर ती सांगणार नाही, लपवेल.

घरातली आणि शेतातली हत्यारं

माकडं-पाखरं हाकलायला पीव्हीसी पाइपची कार्बाइडची बंदूक वापरतात. कार्बाइडवर पाणी पडलं की अ‍ॅसिटिलीन वायू तयार होतो आणि लायटरच्या ठिणगीने भडकतो. धोका असतो तो उडाली नाही तेव्हा. मूल वाकून नळीत पाहतं आणि त्याच क्षणी ती उडते. 2025 च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, भोपाळसह अनेक ठिकाणी, मुलांचे डोळे अशाच बंदुकांनी जखमी झाले. ही वस्तू घरात आणूच नका. मुलांनी बनवली तर मोडून टाका आणि कशी उडते हे समजावून सांगा.

पीक संरक्षणासाठी परवान्याची बंदूक घरात असेल तर ती रिकामी करून कुलपात ठेवा. काडतुसं वेगळ्या कुलपात. किल्ली धान्याच्या कोठीवर किंवा देवघरात नको, मुलांना त्या जागा पहिल्यांदा माहीत होतात. चाप ओढायला फार ताकद लागत नाही, लहान मूल दोन बोटांनीही ओढू शकतं. मूल दुसऱ्यांच्या घरी खेळायला जाणार असेल तर तिथल्या माउलीला आधी विचारा, ‘ताई, तुमच्याकडे बंदूक आहे का, कुलपात आहे ना?’ पहिल्यांदा अवघड वाटतं. साप, विहीर, मोकाट कुत्रं विचारतो तसंच विचारायचं.

गावात घटना घडली तर

टीव्ही बंद ठेवा, व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हिडिओ मुलांसमोर उघडू नका. लहान मुलाला एकच दृश्य दहादा दिसलं की तेवढ्या वेळा घटना घडली असं वाटतं. शाळा, जेवण, झोपायची वेळ नेहमीसारखी ठेवा. काही दिवस मूल तीच मारामारी खेळण्यांतून खेळेल. तो खेळ मोडू नका, शेजारी बसून विचारा, ‘आता याला कोण वाचवणार?’

दचकून उठणं, अंथरूण ओलं करणं, आईला सोडत नसणं हे महिन्यापेक्षा जास्त चाललं तर बालरोगतज्ज्ञ किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा मोफत क्रमांक आहे, आणि मूल धोक्यात असेल तर चाइल्डलाइनचा 1098.

तोच प्रश्न आठ दिवसांत दहादा आला तरी त्याच शब्दांत उत्तर द्या. दर वेळी उत्तर बदललं की मुलाला वाटतं, हे काहीतरी लपवत आहेत.