सेल्फ नुसता ‘टक’ करतो, इंजिन फिरत नाही: दोष अर्थिंगच्या पट्टीत निघाला

लक्षण: चावी फिरवली की सेल्फचा (इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरचा) एकच ‘टक’. हेडलाइट मात्र लख्ख, त्या क्षणीही मंद होत नव्हत्या. (मंद झाल्या असत्या तर आधी बॅटरीवर संशय घेतला असता.) कधी पाचव्या प्रयत्नाला गाडी सुरू व्हायची.

नवी बॅटरी टाकली, सेल्फ खोलून कार्बन ब्रश बदलले, रिले (सेल्फला करंट सोडणारा स्विच) बदलला. तीन आठवडे वाया गेले आणि डोकं फिरलं ते वेगळंच.

शेवटी मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवला. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर, काळं बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर. वायरीच्या क्लॅम्पवर नाही, थेट खुंटावर. दुसऱ्याला चावी फिरवायला सांगितली. हा आकडा म्हणजे इंजिनापासून बॅटरीपर्यंतच्या परतीच्या वाटेत वाया जाणारे व्होल्ट. तो ०.२ व्होल्टच्या आत हवा, इथे २.३ दिसला! मग काळं टोक तिथेच ठेवून लाल टोक बॉडीवर लावलं, पुन्हा चावी फिरवली: ०.१. म्हणजे दोष बॉडी आणि इंजिन यांना जोडणाऱ्या अर्थिंगच्या पट्टीत.

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. पट्टीचे दोन्ही बोल्ट काढले. बॉडीकडच्या बोल्टखाली गंज आणि रंगाचा थर होता. वरून काहीच दिसत नव्हतं. दोन्ही जागा आणि पट्टीची टोकं पॉलिश पेपरने चकचकीत होईपर्यंत घासली, बोल्ट घट्ट आवळले, मगच वरून ग्रीस लावलं. निगेटिव्ह वायर सगळ्यात शेवटी जोडली.

पुन्हा मोजलं: ०.१. पहिल्याच चावीला सुरू.