बेस घेतलात, आता स्पीकर ढकलणार कोण?

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला मी शिकवण्यांचे पैसे साठवून माझ्या बेस गिटारसाठी एक प्रीअँप पेडल (सिग्नल घडवणारी, पायाशी ठेवायची छोटी पेटी) घेतलं आणि पंधरा दिवसांनी कोथरूडमधल्या एका मुलाकडून 15 इंची स्पीकरचा सेकंडहँड बॉक्स. बॉक्स रिक्षात मावेना, म्हणून मित्राच्या वडिलांचा छोटा हत्ती मागून आणला. तिघांनी मिळून तो दुसऱ्या मजल्यावर चढवला. बेस पेडलला, पेडल बॉक्सला, पेडलवरचे सगळे नॉब शेवटपर्यंत. तार छेडली, तर काही म्हणजे काही नाही. जाळीला कान लावला तेव्हा आत कुठेतरी डास गुणगुणल्यासारखं ऐकू आलं.

फसवलं आपल्याला, असं वाटून मी त्या मुलाला फोन लावला. त्याने शांतपणे विचारलं, "पॉवर अँप कुठला लावलायस?" मला वाटत होतं, तो पेडलमध्येच असतो. नावातच अँप आहे ना!

संध्याकाळी ओळखीचे एक साउंडवाले काका रूमवर आले. गणपतीत मंडपाचं काम, एरवी लग्नं. त्यांनी बॉक्सकडे पाहिलं आणि म्हणाले, "ते भिंतीवरचं घड्याळ काढ." घड्याळातला पेन्सिल सेल काढला, वायरीची दोन टोकं बॉक्सला जोडली आणि दुसरी दोन सेलला टेकवली. खर्र आवाज आला आणि स्पीकरचा कोन, म्हणजे हलणारा पडदा, जाळीआड मिलिमीटरभर पुढे सरकला. "बॉक्स जिवंत आहे. तुझ्या पेडलमध्ये ढकलायला दम नाही." (सेल परत बसवायचा राहिला. रूमवर आठवडाभर साडेसहा वाजले होते.)

त्या सेलचं गणित मी नंतर वहीत मांडलं, आणि नव्या मुलांना आजही तेच दाखवतो. 8 ओहमच्या स्पीकरची कॉइल (आतलं तारेचं वेटोळं) मल्टिमीटरवर साधारण 6 ओहम दाखवते. दीड व्होल्टचा सेल लावला की तिच्यातून पाव अँपिअर करंट वाहतो. आता साधा, बॅटरी नसलेला बेस घ्या. तारांखालच्या पिकअपमधून, म्हणजे तारेची थरथर टिपणाऱ्या चुंबकाच्या वेटोळ्यातून, येणार एक-दोन दशांश व्होल्ट, आणि त्याच्या केसासारख्या तारेच्या हजारो वेढ्यांचाच विरोध 10 हजार ओहमच्या घरात. थेट स्पीकरला जोडला तर जेमतेम 20 मायक्रोअँपिअर जातील, घड्याळातल्या सेलपेक्षा बारा हजार पट कमी.

प्रीअँप या सिग्नलला एक व्होल्टच्या आसपास आणून ठेवतो आणि त्याचा पोत घडवतो: खालचे स्वर किती, मधले किती, थोडी धार हवी का. पण त्याचा आउटपुट पुढच्या यंत्राच्या हजारो ओहमच्या इनपुटसाठी असतो. 8 ओहमचा स्पीकर म्हणजे त्याच्या दृष्टीने जवळपास शॉर्ट सर्किटच. 8 ओहमच्या बॉक्सला 200 वॅट पोचवायचे तर 40 व्होल्ट आणि 5 अँपिअर लागतात. पेडलच्या 9 व्होल्टच्या अ‍ॅडॅप्टरमधून ते येणार कुठून? ही ताकद पॉवर अँप भिंतीतल्या प्लगमधून ओढतो आणि प्रीअँपकडून आलेल्या सिग्नलबरहुकूम स्पीकरला देतो. कॉम्बो अँपमध्ये प्रीअँप, पॉवर अँप आणि स्पीकर एकाच पेटीत असतात आणि हेडमध्ये पहिले दोन, म्हणून सुरुवातीला हा फरक कुणाच्या लक्षातच येत नाही.

माझी पुढची चूक गॅदरिंगला झाली. गिटारवाल्या मित्राचा 15 वॅटचा अँप उसना घेतला. रूमवर खिडक्या हलत होत्या, म्हटलं झालं काम. ड्रमरने पहिली काठी मारली आणि मी गायब. आवाज वाढवला तसा तो फाटायला लागला, कोन फडफडायला लागला. त्याच अँपवर गिटार मात्र हॉलभर ऐकू येत होती.

यात अर्धा दोष आपल्या कानांचा आहे. खालच्या स्वरांना कान मंद असतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी 1933 साली याचे आलेख मांडले. 1000 हर्ट्झचा स्वर शून्य डेसिबलच्या जरा वर गेला तरी ऐकू येतो, पण 40 हर्ट्झचा नुसता जाणवायलाच 50 डेसिबल लागतात. बेसची जाड ई तार 41 हर्ट्झवर असते, पाच तारांच्या बेसची बी 31 वर. त्यात आणखी एक गोष्ट: एक सप्तक खाली जाऊन तेवढाच आवाज काढायचा तर कोनला चौपट अंतर हलावं लागतं. वॅट दुप्पट केले तर वाढतात फक्त 3 डेसिबल. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट हवेत. म्हणून गिटारवाला 30 वॅटमध्ये सुखी असतो आणि आपण 300 च्या गोष्टी करतो.

गिटार आणि अँप बनवणाऱ्या लिओ फेंडर यांनाही हे लगेच कळलं असणार. 1951 मध्ये त्यांचा प्रिसिजन बेस आला आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी वेगळा बेसमन अँप, 15 इंची स्पीकरचा. 1969 मध्ये अँपेग कंपनीने 300 वॅटचा एसव्हीटी अँप काढला. तो व्हॉल्व्हचा (जुन्या काचेच्या नळ्यांचा) धूड हेड एकट्याने उचलायचा नाही, कंबर आपली आहे. आज 500 वॅटचा क्लास डी (कमी तापणाऱ्या, हलक्या तंत्राचा) हेड दोन-तीन किलोचा असतो, बॅगेच्या खिशात जातो. आपल्या पिढीला मिळालेलं हे खरं सुख.

ड्रमर जोरकस असेल तर मी म्हणतो 300 वॅटच्या खाली बघू नका, भले वाजवाल अर्ध्यावर. तार छेडल्याक्षणी जो टोला येतो, तो मागून टिकणाऱ्या स्वरापेक्षा कितीतरी मोठा असतो. अँपकडे तेवढी शिल्लक नसेल तर टोल्याचे शेंडे छाटले जातात आणि बेस लगदा होतो. वॅट बघताना आरएमएसच (सतत देता येणारे) बघायचे, होम थिएटरच्या खोक्यावरचे पीएमपीओचे फुगवलेले आकडे विसरा. शिवाय ते किती ओहमवर आहेत हेही बघा. 4 ओहमवर 500 वॅट देणारा हेड 8 ओहमच्या एका बॉक्सवर त्याच्या अर्ध्याच्या थोडंफार वर देतो. 8 ओहमचे दोन बॉक्स समांतर जोडले की 4 ओहम होतात. तिसरा जोडलात की तीनच्याही खाली, आणि 4 ओहमपर्यंतचाच हेड असेल तर तो तापून बंद पडेल, नाहीतर जळेल. व्हॉल्व्हचा हेड तर बॉक्स जोडल्याशिवाय वाजवूच नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो.

आता खिशाची गोष्ट. तुम्ही फक्त ऑर्केस्ट्रात वाजवणार असाल तर बॉक्स आणि हेड घेऊच नका, असं माझं मत आहे. चांगला डीआय (बेसचा सिग्नल मिक्सरला जोडून देणारी छोटी डबी) घ्या, मिक्सरला सिग्नल द्या. पॉवर अँप साउंडवाल्याच्या रॅकमध्ये असतातच. फक्त स्टेजवर स्वतःला ऐकू येण्यासाठी मॉनिटर स्पीकर आधीच मागून ठेवा, नंतर कुणी देत नाही. बँडच्या प्रॅक्टिसला मात्र स्वतःचा जोर लागतो.

सेकंडहँड बॉक्स बघायला जाताना मल्टिमीटर आणि पेन्सिल सेल न्या. 8 ओहमच्या बॉक्सवर साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान आकडा आला तर ठीक. काहीच दाखवत नसेल तर बहुतेक कॉइल उडालेली. सेल टेकवल्यावर कोन अडकत, घासत सरकला तर भाव पाडा किंवा निघून या.

हेड आल्यावर मी पहिल्याच दिवशी तो गिटारच्या वायरीने बॉक्सला जोडला होता. तासाभरात पिन हाताला चटका देण्याइतकी तापली. गिटारच्या वायरीत मधली तार सुतासारखी बारीक, भोवती जाळी. ती काही अँपिअर वाहायला नाही. पुण्याच्या बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीतून जाड दोन पदरी वायर आणून काकांनी तिला पिना बसवून दिल्या. बाहेरून दोन्ही वायरी सारख्याच दिसतात, म्हणून स्पीकरच्या वायरीला मी दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळून ठेवलाय. अंधाऱ्या स्टेजवर तेवढाच दिसतो.