कायदा-साथी ताईंचं ट्रेनिंग तपासताय? या चुका टाळा

कायदा-साथी म्हणजे गावातल्या बायांना कायद्याची वाट दाखवणाऱ्या ताई. त्यांच्या शिबिराच्या शेवटच्या दिवशी चहाबरोबर फीडबॅक फॉर्म वाटायचे आणि "खूप छान", "खूप माहिती मिळाली" मोजून रिपोर्ट लिहून टाकायचा. ही चूक मीपण केलीय, एकदा नाही, दोन-तीनदा. घरच्या चुलीपासून दोन दिवस सुटका मिळालेली ताई वाईट कशाला लिहील हो?

मग आपण हुशार होतो आणि परीक्षा घेतो. कौटुंबिक हिंसाचार कायदा कधीचा? 2005 चा. अर्ज किती दिवसांत निकाली काढायचा? 60. सगळ्या पास. पण 60 दिवस पुस्तकात, कोर्टात तारखांवर तारखा पडतात हे सांगलीत काय नि साताऱ्यात काय सगळ्यांना माहितीय, त्यामुळे विचारायचं असेल तर असं विचारा की रात्री नऊला एक बाई पोराला घेऊन दारात आलीय, नवऱ्यानं घराबाहेर काढलंय, आता बोला. मार असेल तर सरकारी दवाखान्यात दाखवून कागद घेणार का, 112 (पोलीस) किंवा 181 (महिला हेल्पलाइन) ला फोन लावणार का, सासरच्या घरात राहायचा हक्क या कायद्याच्या कलम 17 मध्ये आहे, त्याचा आदेश कलम 19 खाली मिळतो आणि केस चालू असतानाच कलम 23 खाली अंतरिम आदेश मागता येतो हे सुचतंय का. आणि वकिलाला पैसे नाहीत म्हणून बाई मागं फिरत असेल तर तिला सांगणार का, की 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो? हे रोलप्लेमध्ये दहा मिनिटांत कळतं, पेपरात जन्मात कळणार नाही.

आता सगळ्यात मोठा घोळ. रजिस्टरमध्ये "निकाली" असा एक रकाना असतो आणि त्यात बहुतेक केसेसपुढं लिहिलेलं असतं, "समेट झाला, नांदायला गेली". बास, सक्सेस! एका ठिकाणी असाच आकडा मी पण कौतुकानं उचलला होता, नंतर सहज विचारलं की परत गेल्यावर कोण भेटलं तिला, तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडं. नांदायला गेली म्हणजे मार थांबला असं कुठं आहे? समेटाला माझा विरोध नाही, पण बाईला दुसरे रस्ते सांगितले होते का, अटी कागदावर आल्या का, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी कुणी चौकशी केली का, हे नसेल तर तो आकडा खोडा. खरंतर चांगल्या ताईकडं सुरुवातीला "निकाली" कमीच दिसतात.

हक्कसोडाचं, म्हणजे माहेरच्या मिळकतीतला वाटा सोडल्याच्या कागदाचं, कुणी तपासतच नाही. बहिणीला गाडीत बसवून नेतात, सही घेतात, साडी देतात, झालं. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनं मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा मिळालाय आणि 2020 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की त्यासाठी ती दुरुस्ती आली तेव्हा वडील हयात असायलाच हवेत असं नाही. शिबिरात हे ऐकून दोघी-तिघी गप्प बसल्या, त्यांनी स्वतःच सह्या केल्या होत्या! तेव्हा सहीच्या आधी विचारायला किती बाया ताईकडं आल्या, हे मोजा.

तपासणीची वेळ पण बघा. ऊसतोडीच्या हंगामात जत-आटपाडीकडं किंवा माणदेशात गेलात तर अर्ध्या बाया फडावर, आणि रिपोर्टात काय येणार, "प्रतिसाद कमी".

शिकवायचं मटेरियलही चाळा. 1 जुलै 2024 पासून नवरा-सासरच्यांनी केलेल्या छळाच्या 498 अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं कलम 85 आलंय आणि पोटगीचं 125 आता नागरिक सुरक्षा संहितेत 144 झालंय. जुन्या झेरॉक्सवर शिकलेली ताई पोलीस ठाण्यात जुनं कलम बोलते आणि समोरचा हसतो, मग ती परत तोंड उघडत नाही. त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला मात्र जुनंच कलम, हेही शिकवलं पाहिजे.

शेवटचं, आणि यात तडजोड नाही. तपासणीसाठी त्रास झालेल्या बाईला थेट फोन लावू नका. फोन बऱ्याचदा नवऱ्याच्या नाहीतर सासूच्या हातात असतो. आधी ताईला विचारा बाईपर्यंत कसं पोचायचं, बाईनं हो म्हटलं तरच भेटा, तेही बचत गटाच्या मीटिंगला, नाहीतर दवाखान्याच्या ओपीडीत, आणि वहीत तिचं नाव-गाव लिहू नका.